आतला कोण, बाहेरचा कोण?



मागच्या रविवारच्या बैठकीत एक ठराव आला. 'राज्यातल्या सरकारी कॉलेजांत बाहेरच्या राज्यातल्यांना एकही जागा देऊ नये. आधी इथल्या पोरांचं बघा.' ठराव मांडणारा पोरगा तळमळीचा आहे. त्याच्या बहिणीची मेडिकलची जागा थोडक्या मार्कांनी गेली, तो राग त्याच्या बोलण्यात होता आणि तो राग खोटा नव्हता. सगळ्यांचे हात वर गेले. माझा गेला नाही. मी विरोधही केला नाही. अध्यक्ष म्हणाले, 'कवी, तुमचं काय?' मी म्हटलं, 'लिहून देतो.' सगळे हसले. हे ते लिहिणं.

मी फार शिकलेला माणूस नाही. दहावीनंतर सूतगिरणीत लागलो, तो आजतागायत रिंगखात्यात आहे. जे वाचलं ते पाळी सुटल्यावर, डोळ्यावर झोप असताना वाचलं. तेव्हा माझं काही चुकत असेल तर पुढच्या अंकात मला झोडपा. पण हा प्रश्न नुसता हात वर करून सुटणारा नाही, एवढं मला कळतं.

माझा हात का वर गेला नाही ते आधी सांगतो. माझ्या शेजारच्या साच्यावर एक बिहारी आहे. अठरा वर्षं झाली त्याला इथं येऊन. मी त्याला चाचा म्हणतो, तो मला भाऊ म्हणतो. त्याचं आडनाव 'राम'. पहिली खोली घेतली तेव्हा घरमालकाला ते आडनाव फार पवित्र वाटलं. मग त्याच्याच जिल्ह्यातल्या एका वरच्या जातीच्या कामगाराने घरमालकाला त्या आडनावाचा अर्थ समजावून सांगितला. आठ दिवसांत खोली खाली करावी लागली. म्हणजे बघा, चाचा रेल्वेच्या जनरल डब्यात उभा राहून आला आणि त्याची जात त्याच्या मागून बसून आली. तिला कुठल्या सरहद्दीवर कुणी अडवलं नाही.

त्याची पोरगी इथल्याच सरकारी दवाखान्यात जन्मली. मराठी शाळेत शिकली. आपला अंक ती वाचते, आणि शुद्धलेखनाच्या चुका काढून माझ्याकडे पाठवते. यंदा बारावी सायन्सला आहे. डॉक्टर व्हायचं म्हणते. चाचा जातीच्या दाखल्यासाठी कचेरीत गेला. कारकुनाने विचारलं, '१० ऑगस्ट १९५० ला तुमचे वाडवडील महाराष्ट्रात राहत होते याचा पुरावा?' आता १९५० साली चाचाचा बाप बिहारात दुसऱ्याच्या शेतात राबत होता. त्याचा तरी पुरावा कुणी ठेवला असेल का?

कारकून कायद्याप्रमाणेच बोलला. १० ऑगस्ट १९५० ही अनुसूचित जातींच्या यादीच्या आदेशाची तारीख. ती यादी राज्यवार आहे. बाप ज्या राज्याचा, त्या राज्यात तुम्ही अनुसूचित. दुसऱ्या राज्यात राहायला गेलात की तिथल्या सरकारच्या लेखी तुम्ही सवलतीपुरते कुणीच नाही. या पोरीकडे रहिवासाचा दाखला आहे, दहावी-बारावी इथली आहे. म्हणून राज्याच्या ८५ टक्के जागांत ती 'महाराष्ट्राची' आहे, पण दलित नाही. उरलेल्या १५ टक्के देशपातळीच्या जागांत ती बापाच्या राज्याच्या दाखल्यावर दलित आहे. एकच पोरगी, एकच अर्ज. एका खिडकीवर तिची जात लागते, दुसऱ्या खिडकीवर लागत नाही. खोली घेताना मात्र सगळीकडे लागते.

आता ठराव मांडणाऱ्याची बाजू नीट मांडतो. समोरच्याचं म्हणणं लंगडं करून हाणायचं ही प्रस्थापितांची रीत. आपण ती घेऊ नये.

त्याचं म्हणणं असं. सरकारी कॉलेज राज्याच्या तिजोरीवर चालतं. ती तिजोरी आपल्या घामाने भरते. मी काडेपेटी घेतो त्यावर कर आहे, आई चपला घेते त्यावर कर आहे. मग आपल्या पैशावर दुसऱ्या राज्याचा पोरगा डॉक्टर होणार, शिकून परत जाणार, आणि आपल्या तालुक्याच्या दवाखान्यात डॉक्टरची खुर्ची रिकामीच राहणार. हा कुठला न्याय?

या म्हणण्यात दम आहे. बाबासाहेबांनीही ते उडवून लावलेलं नाही. ३० नोव्हेंबर १९४८ ला घटना समितीत सरकारी नोकऱ्यांतल्या रहिवासाच्या अटीवर चर्चा चालू होती. जे लोक पाखरासारखे या प्रांतातून त्या प्रांतात उडतात, कुठंच मूळ धरत नाहीत, फक्त चांगल्या जागा टिपतात आणि निघून जातात, त्यांना मोकळं रान देता येणार नाही, अशा अर्थाचं ते बोलले. पण तेवढ्यावर थांबले नाहीत. ही अट घालायचा अधिकार एकेका राज्याच्या मर्जीवर सोडला नाही, संसदेच्या हाती दिला. आणि त्याच महिन्याच्या ४ तारखेला मसुदा मांडताना त्यांनी सांगितलं होतं की या देशात नागरिकत्व एकच राहील. अमेरिकेत देशाचं एक आणि राज्याचं एक असं दुहेरी नागरिकत्व आहे, तिथली राज्यं आपल्या रहिवाशांना जे देतात ते बाहेरच्याला नाकारू शकतात. आपल्याकडे तसं नको. म्हणजे मूळ धरणाऱ्या माणसाचा मान त्यांना ठेवायचा होता, पण देशात माणसाचे तुकडे करायचे नव्हते. या दोन गोष्टींमधली वाट शोधणं हे आपलं काम.

अमेरिकेचं नाव आलंच आहे तर तिकडे बघू. तिथल्या राज्य विद्यापीठांत हे भांडण उघड आहे. राज्यातल्या मुलाला फी कमी, बाहेरच्याला त्याच्या दुप्पट-तिप्पट. नॉर्थ कॅरोलायनासारख्या राज्याने तर बाहेरच्यांवर १८ टक्क्यांची मर्यादा घातली. कारण तेच सांगतात, आमच्या लोकांच्या करावर हे विद्यापीठ उभं आहे.

बरं. पण 'आमचे लोक' म्हणजे कोण? मिसुरी राज्यातल्या लॉइड गेन्स नावाच्या एका काळ्या तरुणाची गोष्ट सांगतो. राज्याचाच रहिवासी, राज्याच्याच काळ्यांच्या कॉलेजातून पदवी घेतलेला. त्याने राज्य विद्यापीठाच्या लॉ कॉलेजात अर्ज केला. अर्ज नाकारला, कारण कातडी काळी. वर राज्य म्हणालं, आम्ही तुला वाऱ्यावर सोडत नाही. शेजारच्या राज्यांत काळ्यांना घेतात, तिकडे जा, फी आम्ही भरू. तसा कायदाच होता. म्हणजे कर घेताना तो आतला आणि शिकवताना बाहेरचा. स्वतःच्या माणसाला परराज्यात घालवायला सरकार पदरचे पैसे मोजायला तयार होतं! डिसेंबर १९३८ मध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टाने निकाल दिला: समान शिक्षण द्यायची जबाबदारी राज्याची स्वतःच्या हद्दीत आहे, ती दुसऱ्या राज्यावर ढकलता येणार नाही. पुढे राज्याने त्याला आपल्या विद्यापीठात घेण्याऐवजी काळ्यांसाठी वेगळं लॉ कॉलेज काढायचं ठरवलं. आणि मार्च १९३९ मध्ये शिकागोत गेन्स नाहीसा झाला. त्याचा पत्ता आजवर लागलेला नाही. २००६ साली त्याच विद्यापीठाने त्याला कायद्याची मानद पदवी दिली. घ्यायला माणूस नव्हता.

अजून मागं जा. ही राज्य विद्यापीठं उभी राहिली त्यांतल्या कितीकांचा पाया १८६२ चा मॉरिल कायदा. सरकारने राज्यांना जमिनी दिल्या, त्या विकून कॉलेजं काढा म्हणून. एक कोटी एकरांहून जास्त जमीन होती ती. कुणाची? तिथल्या मूळनिवासी टोळ्यांची, काही करारात गुंडाळून घेतलेली, काही सरळ हिसकावलेली. आज त्या विद्यापीठाच्या दारात जो म्हणतो 'मी इथला, माझा हक्क पहिला', त्याच्या पायाखालची जमीन कुणाची होती हे तो विसरलेला असतो.

मित्रहो, आपल्याला ही गोष्ट परकी नाही. गावाच्या शिवेचा तंटा झाला की महाराची साक्ष प्रमाण मानत. शीव कुठून कुठं जाते हे त्यालाच ठाऊक. पाटलाला ठाऊक नसे, कुलकर्ण्याच्या दप्तरात नसे. आणि जो अख्ख्या गावाला त्याची शीव दाखवायचा, त्याचं घर गावकुसाच्या बाहेर! राबायला आतला, पाण्याला बाहेरचा. मेलेलं ढोर ओढायला आतला, देवळाला बाहेरचा. 'भूमिपुत्र' हा शब्द आपल्या तोंडी शोभतो का, याचा विचार करा. आपल्यातल्या किती जणांच्या बापाच्या नावावर भूमी होती? ज्याला गावानेच कधी आत घेतलं नाही, त्याने दुसऱ्याला बाहेरचा म्हणताना जीभ अडखळली पाहिजे.

बाबासाहेबांचंच बघा. मूळ गाव रत्नागिरी जिल्ह्यातलं आंबडवे. जन्म १८९१ साली महूच्या छावणीत. शाळा साताऱ्यात आणि मुंबईत. १९१३ साली कोलंबिया विद्यापीठात गेले ते बडोद्याच्या सयाजीरावांच्या शिष्यवृत्तीवर. सयाजीरावांनी विचारलं असतं, 'तू बडोद्याचा का?', तर उत्तर 'नाही' होतं. त्यांनी तो प्रश्न मधे येऊ दिला नाही, करार मात्र करून घेतला. शिकून ये आणि दहा वर्षं संस्थानाची नोकरी कर. यात मला शहाणपण दिसतं. जन्माचा दाखला मागितला नाही, पुढच्या कामाचं वचन मागितलं. १९१७ साली बाबासाहेब ते वचन पाळायला बडोद्यात गेले, तेव्हा सगळ्या शहरात त्यांना राहायला खोली मिळाली नाही. पारशाच्या धर्मशाळेत नाव बदलून राहिले, तिथूनही काठ्या घेऊन आलेल्यांनी हुसकावलं. संस्थानाचा करार त्यांना आत घेत होता, जात बाहेर काढत होती. चाचाच्या खोलीची गोष्ट ऐकली तेव्हा मला पहिलं हे आठवलं.

आपल्या देशात कायद्याने काय काय झालं तेही बघू. घटनेचं पंधरावं कलम जन्मस्थानावरून भेदभाव करू नका म्हणतं. १९५५ साली इंदूरच्या मेडिकल कॉलेजचा खटला सुप्रीम कोर्टात गेला. मध्य भारत राज्याबाहेरच्या मुलांकडून तिथं जादा पैसे घेत. कोर्टाने बहुमताने ते चालू दिलं. जन्मस्थान वेगळं आणि रहिवास वेगळा, असं म्हटलं. इंदूरच्या जवळच महू. पुढं १९८४ साली कोर्टाने सांगितलं की मेडिकलच्या सगळ्याच्या सगळ्या जागा स्थानिकांना ठेवता येणार नाहीत, काही जागा देशभरासाठी मोकळ्या हव्यात. १९८६ पासून पहिल्या पदवीच्या १५ टक्के जागा तशा ठेवल्या. ऐकायला किती छान! देश एक, गुणवत्ता एक, सगळ्यांना दार उघडं. पण त्या देशपातळीच्या जागांत २००७ सालापर्यंत अनुसूचित जाती-जमातींना आरक्षणच नव्हतं. एकवीस वर्षं! ओबीसींना तर २०२१ पर्यंत थांबावं लागलं. म्हणजे 'देश एक' म्हणणाऱ्यांच्या दारातही आपण बाहेरच उभे होतो. तेव्हा 'प्रांत' म्हणणारा आपला आणि 'देश' म्हणणारा परका, किंवा उलट, असं मानायचं कारण नाही. दोन्ही घोषणांच्या आत कोण बसलंय ते वाकून बघायची सवय आपण लावून घेतली पाहिजे.

आणि प्रांताच्या आतसुद्धा प्रांत निघतात. आपल्याच राज्यात मेडिकलला ७० टक्के जागा त्या-त्या विभागातल्या मुलांना आणि ३० टक्के बाकीच्यांना असा नियम होता. मराठवाड्याची पोरं ओरडत होती की आमच्याकडे कॉलेजं कमी, आम्ही आमच्याच राज्यात बाहेरचे झालो. सप्टेंबर २०२० मध्ये तो नियम रद्द झाला. ठराव मांडणाऱ्या मित्राला मी विचारतो, मुंबईचा पोरगा लातूरच्या पोराला बाहेरचा म्हणाला तेव्हा आपल्याला राग आला होता की नाही?

आता सगळ्यात अवघड जागेकडे येतो. आंध्रातल्या एका अनुसूचित जमातीच्या मुलाचा बाप मुंबईत नोकरीला आला. मुलाने मुंबईच्या मेडिकल कॉलेजात राखीव जागा मागितली. १९९० साली पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने 'नाही' म्हटलं. प्रत्येक राज्यात प्रत्येक जातीचे हाल वेगळे, म्हणून यादी राज्यापुरती. बाहेरून आलेल्याला इथल्या यादीत घेतलं तर इथल्या मागासांचा वाटा कमी होईल.

मी हा युक्तिवाद चार वेळा वाचला. मला तो खोडून काढता आला नाही, आणि मान्यही करता आला नाही. खोडता आला नाही कारण तो आपल्या ताटातल्या घासाबद्दल आहे. चाचाच्या पोरीला राखीव जागा दिली तर ती पाटलाच्या पोराची जाणार नाही, आपल्याच वस्तीतल्या एखाद्या पोरीची जाईल. कदाचित ठराव मांडणाऱ्याच्या बहिणीचीच. मी चाचाशी मैत्री करतो ती फुकटची मैत्री आहे. तिची किंमत दुसऱ्या कुणाच्या बहिणीने भरायची, हे मला कसं शोभेल?

आणि मान्य करता आला नाही तो या कारणाने. आमच्या गिरणीत कापसाच्या गाठी कुठल्या कुठल्या राज्यातून येतात. गाठीला कुणी रहिवासाचा दाखला मागत नाही. चाचाचे हात आले, त्यांना मागितला नाही. त्याची जात आली, तिला मागितला नाही. माल येतो, मेहनत येते, अपमान येतो. फक्त हक्क तेवढा सरहद्दीवर उतरवून घेतात. ज्या व्यवस्थेत माणसाचं ओझं त्याच्याबरोबर प्रवास करतं आणि ओझं उतरवायचं साधन मागं राहतं, तिला मी न्याय म्हणू शकत नाही. उद्या आपला पोरगा सुरतेला, हैदराबादला, दिल्लीला कामाला गेला आणि तिथं नातू झाला, तर त्याचंही हेच होणार आहे.

मग यातून वाट कोणती? भूक दोघांची खरी असताना एकच घास दोघांत टाकायचा आणि भांडण बघत बसायचं, ही जुनी युक्ती आहे. त्या १९९० च्या निकालातच म्हटलं होतं की यावर कायदा करण्याचा विचार संसदेने करावा. इतकी वर्षं गेली, तो विचार आपण कुणाला करायला लावला? आपण एकमेकांच्या ताटाकडे बघत राहिलो. घास वाढवा, असं कुणी म्हटलं नाही.

माझ्यापुरतं मी असं ठरवलंय. स्थानिकाला प्राधान्य हे न्यायाचं असू शकतं. कधी? जेव्हा त्याचं माप इथली शाळा, इथली वर्षं आणि इथं पुढं करायचं काम हे असेल तेव्हा. आजोबा कुठं जन्मले, घरात कुठली भाषा बोलतात, १९५० चा कागद आहे का, हे माप झालं की ते प्राधान्य राहत नाही, ती नवी जात होते. जन्मावरून ठरणाऱ्या हक्काशी आपलं भांडण हजारो वर्षांचं आहे. ते फक्त मनुस्मृतीतल्या जन्माशी आहे आणि डोमिसाईलमधल्या जन्माशी नाही, असं करून चालणार नाही.

शाळा हे माप चालू शकतं याचा एक दाखला देतो. टेक्सास राज्याने १९९७ साली कायदा केला की राज्यातल्या प्रत्येक हायस्कुलातल्या वरच्या दहा टक्के मुलांना राज्य विद्यापीठाचं दार उघडं. गोऱ्या श्रीमंत वस्तीतली शाळा असो, काळ्यांच्या वस्तीतली असो, मेक्सिकनांची असो, पहिले दहा टक्के. पुढं ऑस्टिनच्या मोठ्या विद्यापीठात हे प्रमाण आवळलं, आणि या कायद्याला आरक्षणाचा पर्याय म्हणून मी सांगतही नाही. पण आश्रमशाळेतली, जिल्हा परिषदेच्या शाळेतली, चाचाच्या पोरीच्या शाळेतली हुशार मुलं अशी मोजली जाऊ शकतात, हे त्यातून शिकण्यासारखं आहे.

जानेवारी २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने मेडिकलच्या पदव्युत्तर जागांतलं रहिवासाचं आरक्षण रद्द केलं. आपण सगळे भारताचे रहिवासी आहोत, कुठंही राहू शकतो, असं म्हटलं. वाक्य सोन्यासारखं आहे. 'कुठंही राहू शकतो' हे चाचाला वाचून दाखवलं, तर तो हसला. म्हणाला, 'भाऊ, आधी घरमालकाला वाचून दाखव.'

तर माझी दुरुस्ती अशी. ठरावातलं 'बाहेरच्यांना एकही जागा नको' हे वाक्य काढावं. त्या जागी चार मागण्या घालाव्यात. एक, इथल्या शाळांत शिकलेल्या प्रत्येक मुलाला स्थानिक धरावं, बाप कुठला हे विचारू नये. दोन, सरकारी पैशावर शिकणाऱ्याकडून गावातल्या सेवेचं बंधपत्र लिहून घेतात ते खरोखर पाळून घ्यावं, दंड भरून सुटण्याची वाट बंद करावी, म्हणजे टिपून उडून जाणारी पाखरं आपोआप कळतील. तीन, इथं वाढलेल्या परराज्यातल्या दलित-आदिवासींच्या मुलांसाठी संसदेने कायदा करून वेगळ्या, वाढीव जागा द्याव्यात. इथल्यांच्या वाट्यातून एकही जागा कापू नये. चार, नवी सरकारी कॉलेजं काढताना ती जिथं नाहीत तिथं आधी काढावीत.

यात तिसरी मागणी सगळ्यात अवघड आहे हे मला कळतं. ती मिळायला वर्षं लागतील, आणि चाचाच्या पोरीची परीक्षा यंदाच आहे. तिला माझ्या लेखाचा काही उपयोग होणार नाही. ती खुल्या जागेत झगडेल किंवा देशपातळीच्या १५ टक्क्यांत. ठराव मांडणाऱ्याची बहीणही पुन्हा बसणार आहे. परवा कळलं की दोघी एकाच वाचनालयात, एकाच टेबलावर अभ्यास करतात. एकीकडे भौतिकशास्त्राचं पुस्तक आहे, दुसरीकडे जीवशास्त्राचं. पुस्तकं घ्यायला पैसे नाहीत म्हणून दोघी अदलाबदल करतात.

पुढच्या बैठकीत मतदान होईल. तेव्हा त्या दोघींनाही बोलवा, आणि त्यांच्यासमोर हात वर करा.